शोकमार्चची लय

"मिनिटाला पन्नास ठोक्यांवर ठेवू, सर? की आणखी संथ?"

शांतवनने पियानोवर टकटकत लय मोजणाऱ्या मेट्रोनोमकडे बोट दाखवलं. रणभिसे सर चर्चच्या पुढच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

शांतवन व्हिएन्नात शिकलेला, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. दोन आठवड्यांपूर्वी वडील गेले तेव्हा तिकडे त्याची स्पर्धा होती. तो आला नाही. बक्षीस मात्र मिळालं. आता रविवारी वडिलांची स्मरण उपासना होती, आणि दीडशे वर्षांपूर्वीचा एक शोकमार्च वाजवून त्याला सगळ्या नगरला रडवायचं होतं.

"वाजव," सर म्हणाले.

त्याने वाजवलं. एकेक सूर असा लांबवला की पुढचा येतो की नाही अशी शंका यावी. स्वतःचेच डोळे भरून आले तेव्हा त्याला बरं वाटलं.

"फार हळू."

शांतवनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "शोक आहे, सर. त्यात घाई कसली?"

"तू कधी खांदा दिलायस?"

शांतवनने बोटं पट्ट्यांवरून उचलली.

सर सावकाश पियानोपाशी आले. शर्टाची वरची दोन बटणं काढून त्यांनी डावा खांदा उघडा केला. हाडावर काळानिळा वळ होता, कडेने पिवळा पडत चाललेला.

"हात लाव."

त्याने बोट टेकवलं. सर कळवळले, पण मागे सरले नाहीत.

"तुझ्या वडिलांची पेटी सागवानी होती," सर म्हणाले. "वजन पेलवेना, म्हणून फाटकापासून कबरीपर्यंत आम्ही जवळजवळ पळत गेलो."

"तुम्ही? या वयात?"

"पाच जण मिळाले होते. पुढची उजवी जागा मुलाची असते. ती रिकामी होती, म्हणून मी लागलो."

शांतवनने हात काढून घेतला. तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

त्याने मेट्रोनोम बंद केला.

"मग किती ठेवू, सर?"

सर बटणं लावत होते.

"ते पाच जण रविवारी येतील," ते म्हणाले. "त्यांना विचार, पेटीखाली पावलं किती भरभर पडत होती."