काळ्या तोंडाचं उखळ

एवढी टेकडी चढून आलात, तर तो दगड नीट बघून घ्या. पण त्याच्यावर बूड टेकवू नका. तेलाच्या घाण्याचं उखळ आहे ते. आतून काजळीने काळंकुट्ट झालेलं. घाण्याचं उखळ खाडीच्या तोंडाशी, टेकडीच्या माथ्यावर कशाला आलं, असं जो तो विचारतो.

तांबडखारला पूर्वी बन्नाजी नावाचा शनिवार तेली होता म्हणे. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक तसं म्हणायचे. त्याच्यापाशी पोथी नव्हती. बापाने सांगितला तेवढा त्याचा धर्म: सणाच्या आदल्या दिवशी दुपार कलली की बैल सोडायचा, पुढे काम करील त्याला बरकत नाही. सावली पायरीला टेकली की बन्नाजी अर्धा घाणा टाकून उठायचा. त्याचा त्याला तोराही होता, खोटं कशाला बोला!

त्या दिवशी भादव्यातली अमावास्या होती आणि दुसऱ्या दिवशी नव्याचा सण, त्यांच्या वर्षाचा पहिला दिवस. बन्नाजीने बैल सोडला, तेलाची भांडी घासून पालथी घातली, तोच कोळीवाड्यातली चांगुणा धापा टाकत आली. तिचा नवरा धाकू बन्नाजीचा जिवाभावाचा दोस्त. बन्नाजीला चालतात म्हणून खवल्यांचे मासे वीस वर्षं तो वेगळे काढून ठेवायचा.

"दादा, टेकडीवरच्या दिव्यात तेल नाही. हे दिवेलागणीनंतर भरतीबरोबर यायचे आहेत, आणि आज अमावास्या, दिव्यावाचून खडक दिसायचे कसे!"

"वेळ टळली गं वहिनी. घरात सणाच्या दिव्यापुरतंच आहे."

"ऊन अजून अंगणात आहे की! घटकाभर बैल जुंपा. दुसरा घाणा तीन कोसांवर, मी जाऊ कधी, येऊ कधी?"

बन्नाजीचा जीव तीळतीळ तुटला, असं सांगतात. पण बापाचा शब्द मोडवेना. "धाकूला ही खाडी पाठ आहे," म्हणाला, आणि दाराला कडी घातली.

सकाळी होडीच्या फळ्या खडकांत सापडल्या. धाकू तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला.

वर्षभराने कोचीहून त्यांच्याच धर्मातले एक विद्वान म्हातारे गावात आले. बन्नाजीने त्यांच्यापुढे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, मनाई आहे ती आपल्या कमाईच्या कामाला. जीव वाचवायला ऐन सणातसुद्धा घाणा फिरवावा, तोच धर्म."

"मग हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू कुणाला विचारलं होतंस?"

बन्नाजीने कपाळ बडवून घेतलं. उखळ उपटलं, बैलाकरवी ओढत इथे आणलं आणि मरेपर्यंत रोज त्यात तेल ओतून वात लावली. त्याने काय होणार, कप्पाळ! धाकू थोडाच परत येणार होता? चांगुणाने पुन्हा बन्नाजीचं तोंड पाहिलं नाही, आणि तिचं काहीएक चुकलं नाही.

आता घाणे गेले, माणसं इस्रायलला गेली, बेने इस्रायलांचं एकच घर उरलंय. आजही सणाच्या आदल्या दिवशी, दुपार कलायच्या आत, त्या घरातला कर्ता तेलाची बाटली घेऊन कोळीवाड्यात दारोदार विचारतो, "तेल हवं का?" विजेचे दिवे असूनही लोक मान राखायला पळीभर घेतात. धाकूच्या वंशजांचं दार सगळ्यांत शेवटी. तिथली बाई बाहेर येते, बाटलीकडे बघते आणि म्हणते, "आता नको."

तो मान खाली घालून माघारी फिरतो. पुढच्या सणाला पुन्हा जातो.