जंगल हाजिर हो!

राजा दुर्जयरावाच्या कपाळावर बेहड्याचं फळ पडलं आणि त्याच दिवशी अख्ख्या जंगलावर खटला भरला गेला!

झालं असं, की शिकारीहून परतताना राजा एका झाडाखाली घटकाभर विसावला. उकडत होतं म्हणून मुकुट काढून ठेवला. तेवढ्यात वरून टप्पकन काहीतरी आलं आणि कपाळाच्या मधोमध हे एवढं टेंगूळ!

"कोणी मारलं?" राजा गरजला.

झाडं गप्प.

"पंत, पाहिलंत? राजा विचारतोय, आणि एकाला उत्तर द्यावंसं वाटत नाही!"

प्रधान त्रिंबकपंतांनी वर पाहिलं. बेहडा, ऐन, हिरडा, जांभूळ, सगळ्यांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. पंत मान हलवत म्हणाले, "नेमका कोण ते सांगणं अवघड आहे, महाराज. फळ बेहड्याचं खरं. पण ऐनाने ढकललं असेल. नाहीतर त्या शेकरूने अर्धवट कुरतडून सोडलं असेल. हे सगळे एकमेकांना सामील दिसतात!"

"मग सगळ्यांना दरबारात उभं करा! आजपासून आठव्या दिवशी! झाड, वेल, पाखरू, मुंगी, कोणी सुटता कामा नये. सगळ्यांचं ऐकल्याशिवाय मी शिक्षा देणार नाही. मी न्यायी राजा आहे!"

"आणि जंगल आलंच नाही तर?"

"तर गुन्हा कबूल! मुळासकट तोडा आणि त्या लाकडाचा मला पलंग करा."

शिपायांनी जंगलात जाऊन झाडाझाडापुढे हुकूम वाचून दाखवला. वाचून होताच एका माकडाने तो हिसकावला, चावून बघितला आणि थुंकून दिला. शिपायांनी वहीत लिहिलं, 'हुकूम पोचला.'

आता जंगलाला दरबारात आणणार कोण? शिपायांनी ते काम जंगलाच्या कडेच्या ऐनवाडीवर ढकललं. वाडीचं सगळं पोट जंगलावर. हिरडे वेचायचे, मध काढायचा, शिकेकाई गोळा करायची. जंगल गेलं तर माणसांनी खायचं काय?

वाडीचा म्होरक्या गोमाजी डोकं धरून अंगणात बसला. "अगं सूनबाई, एक जांभळीचं रोप उपटून दुसरीकडे लावलं तरी मरतं. हा राजा सगळं जंगल मागतोय!"

त्याची सून हौसा हिरड्याची पाटी घेऊन नुकतीच आली होती. ती म्हणाली, "मामंजी, महाराज सगळं जंगल म्हणाले की मोठं जंगल म्हणाले?"

"सगळं म्हणाले."

"मोठं नाही ना म्हणाले? मग तुम्ही उठा, भाकरी खाऊन घ्या."

आठव्या दिवशी दरबार खचाखच भरला. टेंगळाला चंदनाचा लेप लावून राजा सिंहासनावर बसला. चोपदाराने ललकारी दिली, "जंगल हाजिर होऽऽ!"

दारातून हौसा आली. डोक्यावर एक टोपली. ती तिने सिंहासनापुढे हलकेच ठेवली.

"जंगल कुठे आहे?" राजाने विचारलं.

"हे काय, महाराज. आलंय, पण अजून उठून उभं राहिलेलं नाही."

राजा वाकून बघायला गेला. टोपलीत कुजका पालापाचोळा आणि काळी माती. त्यातून एक किडा टुणकन उडाला आणि थेट राजाच्या मिशीवर बसला!

"हे काय आहे?"

"साक्षीदार आहे, महाराज. जरा उतावळा आहे."

दरबारी तोंडात उपरणं कोंबून हसू लागले. राजाने मिशी झटकली. "झाडं दाखव!"

हौसाने पाला बाजूला सारला. "हा बेहडा, मोड आलाय बघा. हा हिरडा. हे पंखवालं बी ऐनाचं. ही जांभळाची आठोळी. या मुंग्या, ही गांडुळं. आणि मातीत हे पांढरे धागे दिसतात ना, ती भूछत्रं, पावसाळ्यात वर येतील. कोणाला मागे ठेवलं नाही."

"शेकरू कुठे आहे? धनेश कुठे आहे?"

"शेकरू येणार, पण त्याला फांद्या एकमेकींना भिडलेल्या लागतात. धनेशाला घरट्यासाठी जुन्या खोडातली ढोली लागते. झाडं म्हातारी झाली की दोघं येतील. मी निरोप देऊन ठेवलाय."

"किती दिवस लागतील?"

"फांद्या भिडायला चाळीस-पन्नास वर्षं. ढोलीसाठी शंभर धरा."

"शंभर? तोवर मी जिवंत असेन का?"

"ते महाराजांनी बघावं. जंगल तारखेला हजर राहील!"

पंत ताडकन उठले. "महाराज, ही थट्टा आहे! खरं जंगल तिकडे उभं आहे. तोडून मोकळे होऊ!"

हौसा पंतांकडे वळली. "पंत, आरोपी इथे आहे, महाराजांच्या ताब्यात. तिकडे उभे आहेत ते त्याचे आईबाप. लेकराचं ऐकून घ्यायच्या आधीच आईबापांवर कुऱ्हाड चालवली, तर उद्या लोक महाराजांना न्यायी म्हणतील का?"

राजाने टोपलीकडे पाहिलं, हौसाकडे पाहिलं, आणि एकदम त्याला असं हसू फुटलं, की चंदनाचा लेप फुटून पोपडे गळाले!

"सुनावणी शंभर वर्षांनी!" हसता हसता तो म्हणाला. "तोवर त्या जंगलाला कोणी हात लावायचा नाही. राखण ऐनवाडीची! आणि या बाईला सोन्याचे गोठ द्या!"

हौसाने गोठ हातात चढवले, मुजरा केला, पण जागची हलली नाही.

"आता काय?"

"आरोपी सरकारच्या कोठडीत आहे, महाराज. त्याचं दाणापाणी सरकारनेच बघायचं ना? दाणा नको त्याला. पाणी मात्र रोज लागेल."

राजाला पुन्हा हसू आवरेना. डोळे पुसत त्याने हाक मारली, "पंत! घागर आणा!"