अक्कासाहेबांची ओवाळणी

"अक्कासाहेबांना आवडेल अशी ओवाळणी सापडेपर्यंत राजवाड्यातली एकही बाई माहेरी जाणार नाही!"

भामगडच्या हैबतराव महाराजांनी ऐन पाडव्याच्या सकाळी हे फर्मान काढलं आणि राजवाड्यातल्या बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. भाऊबीज उद्यावर आलेली. कुणाची बोचकी बांधून तयार होती, कुणाचे भाऊ वाटेला लागले होते. न्हाणीघरातल्या भिवराचा भाऊ तर बैलगाडी घेऊन वेशीबाहेर येऊन थांबलासुद्धा होता. फौजेतून तो किती वर्षांनी घरी आला होता आणि चार दिवसांत परत जायचा होता. भिवराच्या डोळ्यांत पाणीच आलं.

महाराजांचंही दुखणं खोटं नव्हतं. त्यांची थोरली बहीण, अक्कासाहेब, मोठ्या संस्थानात दिलेली. दरवर्षी भाऊबिजेला यायची, ओवाळायची, ताटात पडलेली वस्तू बघून "छान आहे हो, महाराज," म्हणायची आणि तिथल्या तिथे कुणाला तरी देऊन टाकायची. पैठणी दासीच्या खांद्यावर गेली. मोत्यांची नथ आचारणीच्या नाकात चढली. गेल्या साली दिलेलं चांदीचं पानदान तर ती खिडकीतच ठेवून गेली. भर दरबारात एवढी शोभा झाल्यावर राजाला झोप कशी लागणार?

कारभारी भीत भीत म्हणाले, "महाराज, हत्ती देऊन बघू या का?"

"तिच्या सासरी हत्ती बांधायला जागा उरलेली नाही, कारभारी. आणि तोही ती माहुतालाच देऊन टाकेल." महाराज आता हट्टालाच पेटले. "मला खजिन्यात नाही, बाजारात मिळत नाही, तिच्या सासरी कुणाकडे नाही आणि तिला दुसऱ्या कुणाला देता येणार नाही, अशी वस्तू हवी. शोधा!"

कारभाऱ्यांनी कपाळाला हात लावला. गरम पाण्याचा हंडा घेऊन न्हाणीघराकडे जाताना दाराशी थांबलेली भिवरा मात्र हंडा खाली ठेवून पुढे आली.

"महाराज, अशी वस्तू आहे. पण सांगितल्यावर माझं डोकं जागेवर राहील असं वचन द्या."

"दिलं. कुठे आहे?"

"तुमच्याजवळच. तुम्हीच ती अडवून ठेवलीय."

महाराजांनी कमरेचा शेला चाचपून पाहिला. गळ्यातला कंठाही पाहिला. भिवराला हसू आलं, पण तिनं ते गिळलं.

"अक्कासाहेब कालच आल्यात ना, आज सकाळी त्यांना उटणं मी लावलं. त्या आपल्याशीच बोलत होत्या. 'लहानपणी याला उटणं मीच लावायचे,' म्हणाल्या. 'डोळ्यांत गेलं की गाव गोळा करायचा. मग मी ढब्बू म्हणून चिडवायचे की लगेच हसायचा.'"

दरबारात कुणी तरी खोकलं. कारभारी छताकडे बघू लागले.

"पुढे त्या म्हणाल्या, 'आता माझ्या भावाला मी विचारायचं, श्रीमंत महाराज, आपण फराळ केलात का? त्यापेक्षा परक्याच्या घरी गेलेलं काय वाईट!'"

गोष्ट खरी होती. राज्याभिषेक झाला त्याच दिवशी महाराजांनी हुकूम काढला होता की, रक्ताच्या नात्याचं माणूस असलं तरी त्यानं 'श्रीमंत महाराज' म्हणूनच हाक मारायची.

"म्हणजे माझ्या बहिणीनं भर दरबारात मला ढब्बू म्हणायचं?" महाराज लालबुंद झाले. "शक्य नाही. दुसरी वस्तू सांग."

"दुसरी कुठून आणू महाराज? अटी तुम्हीच घातल्यात. ती हाक खजिन्यात आहे का?"

"नाही."

"बाजारात मिळते?"

"मिळू तर दे!"

"सासरी त्यांना महाराणी म्हणणारे पुष्कळ आहेत. ढब्बू म्हणवून घेणारा एक तरी आहे?"

मग महाराजांना एकदम मुद्दा सापडला. "पण ती दुसऱ्याला देता येईल की! उद्या सगळं भामगड मला ढब्बू म्हणेल. मग?"

"ओवाळणी बहिणीची असते, महाराज. तिच्या ताटात दुसऱ्या कुणी हात घातलेला मी तरी अजून पाहिला नाही."

महाराजांनी मिशीला पीळ दिला, सोडला, पुन्हा दिला. "ही ओवाळणी तिला आवडली नाही, तर तू पुढची दिवाळीही न्हाणीघरातच करशील," असं बजावून ते उठले.

भाऊबिजेच्या सकाळी दरबार भरला. अक्कासाहेबांनी कुंकू लावलं, ओवाळलं आणि ताट पुढे धरलं. महाराजांचा हात रिकामा होता. ते पाहून खांबाआड उभी असलेली भिवरा मान लांब करून बघू लागली. हे आयत्या वेळी माघार घेतात की काय?

महाराज खाली मान घालून पुटपुटले, "अक्का, आजपासून तू मला लहानपणी म्हणायचीस तेच म्हण. हीच ओवाळणी."

अक्कासाहेबांनी ताट खाली टेकवलं.

"ढब्बू," त्या म्हणाल्या, "आधी नीट बस. पाटावरून घसरायला आलायस."

महाराज गडबडीनं सरकून बसले आणि असे खदखदून हसले की कपाळाच्या अक्षता मिशीत येऊन पडल्या. अक्कासाहेबही हसत होत्या, डोळे पुसत होत्या. मग आख्खा दरबार हसला.

"ही कुणाला देऊन टाकायची नाही हं, अक्का!"

"मागून तर बघू दे कुणी!"

महाराजांनी भिवराला पुढे बोलावून सोन्याचं कडं दिलं. "आणखी काय हवं?"

"भाऊ कालपासून वेशीबाहेर बसलाय, महाराज. आम्हा सगळ्याजणींना जाऊ द्या."

"जा, जा. सगळ्याजणी जा."

"जा काय म्हणतोस, ढब्बू?" अक्कासाहेबांनी कमरेवर हात ठेवले. "दिवस किती वर आला बघ. घरी पोचणार कधी त्या? तुझे सगळे रथ काढ. आणि एकीलाही रिकाम्या हातानं पाठवू नकोस, फराळाचे डबे भरून दे."

भामगडच्या राजाला इतक्या वर्षांत कुणी हुकूम सोडला नव्हता. सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"हो, अक्का," महाराज म्हणाले, आणि डबे भरायला स्वतःच उठले.