सेवाबेर्दचा अडसर

वेळ सकाळच्या प्रार्थनेची. वार गुरुवार. ठिकाण सेवाबेर्द, अर्मेनियाच्या डोंगरांतलं एक तटबंदीचं गाव. उत्तर दरवाजाचा अडसर आतून काढला गेला आणि बुरलाय खानाचे घोडेस्वार आत शिरले. या गोष्टीला सातशे वर्षं होऊन गेली असं सांगतात.

आता तट ढासळला आहे, कमान तेवढी उभी आहे. द्राक्षांची तोडणी संपली की पहिल्या गुरुवारी गावकरी कमानीखाली जमतात. दगडी खोबणीत अक्रोडाचा भलाथोरला ओंडका आडवा बसवलेला असतो. चार जण पुढे येतात. प्रत्येक जण आपलं आणि आपल्या बापाचं नाव मोठ्याने सांगतो आणि मगच ओंडक्याला हात लावतो. नाव न सांगता हात लावला, तर म्हाताऱ्या बायका बोटांवर छडी मारतात. पाहुण्यांना हसू येतं. गोष्ट सांगायला बसलेले वार्दगेसआजोबा मात्र हसत नाहीत. "आधी ऐका," ते म्हणतात. "मग हसायला उरलं तर हसा."

त्या काळी वरच्या मठात तिरातुर नावाचा संन्यासी बखर लिहीत असे. बुरलाय खान उत्तरेच्या गवताळ मुलखातून आला होता. तो देवाचा कोप आहे, आभाळातून पडला आहे, असं तेव्हाची शहाणी माणसं सांगत. तिरातुरला ते पटत नसे. येणाऱ्याजाणाऱ्या व्यापाऱ्याला, हमालाला, पळून आलेल्या माणसाला ओसरीवर बसवायचं, भाकरी वाढायची आणि विचारत राहायचं, हे त्याने वीस वर्षं केलं. पहिल्या वर्षी बुरलायकडे म्हणे सात घोडे होते, त्यातला एक लंगडा. मग एका राजाने शेजारच्या राजाची खोड मोडायला त्याला खिंडीतून वाट दिली. दुसऱ्याने धान्य दिलं. तिसऱ्याने आपले लोहार दिले. सातव्या वर्षी त्याने या तिघांचीही राज्यं घेतली. वाट कोणी दिली, धान्य कोणी दिलं, सगळी नावं बखरीत होती. "तो आपोआप उगवलेला नाही," तिरातुर म्हणायचा. "त्याला खतपाणी घातलंय."

सेवाबेर्द लुटून खान पुढे गेला. गावचा सरदार वासाक तेव्हा शिकारीला गेला होता म्हणे. तो परतला आणि आठव्या दिवशी त्याने तोरोस नावाच्या, आपले घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराला फासावर दिलं. दरवाजा यानेच उघडला, असा पुकारा झाला. त्याच संध्याकाळी सरदाराचा कारभारी मठात आला, आणि तिरातुरने त्याच्यादेखत लिहून टाकलं: दरवाजा तोरोसने उघडला.

दुसऱ्या दिवशी तोरोसची बायको शुशान मठाच्या पायऱ्या चढून आली. ती रडत नव्हती.

"गुरुजी, लिहिलंत?"

"लिहिलं."

"कोणाला विचारून?"

तिरातुरने बखर मिटून बाजूला ठेवली.

"परमुलखातल्या हमालाला भाकरी घालून विचारता. मी खालच्या आळीत राहते, मला नाही विचारलंत. माझ्या नवऱ्याचा उजवा खांदा चार वर्षांपूर्वी घोड्याने लाथ मारून उतरवला होता. घरची कडीसुद्धा मी काढायची. आणि तो अडसर त्याने काढला? राजे मरतील, खान मरेल, तुमची कातड्यावरची बखर राहील. माझ्या पोरांची नातवंडंही फितुराची म्हणून ओळखली जातील."

ती गेली. वीस वर्षं जगाला प्रश्न विचारणाऱ्याने आपल्याच गावात एकही विचारला नव्हता. खान त्याला भ्यायला लावू शकला नव्हता. एका कारभाऱ्याने नुसतं समोर उभं राहून ते काम केलं होतं.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी तो उत्तर दरवाजाशी जाऊन उभा राहिला. लोक जमले. त्याने अडसर पुन्हा खोबणीत बसवून घेतला आणि गावातला सगळ्यात दांडगा माणूस, गिरणीवाला ग्रिगोर, याला म्हणाला, "काढ."

ग्रिगोरने जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या, ओंडका जागचा हलला नाही. दोघे लागले, तरी नाही. तिघांनी तो वीतभर उचलला आणि पाय चिरडायची वेळ आली तसा सोडला. चौघे लागले तेव्हा अडसर खोबणीतून बाहेर आला.

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "मग तोरोसला आणखी तीनदा लटकवा!" कोणी हसलं नाही. मागे शुशान उभी होती.

तिरातुर मठात परतला. चाकू घेऊन त्याने पानावरचं तोरोसचं नाव खरवडायला घेतलं. शाई कातड्यात मुरली होती. मठाधिपती स्तेपानोस धावत आले.

"अरे, काय चालवलंयस? आमच्या पापांमुळे गाव पडलं, एवढं लिही आणि मिटव."

"पापं आपली खरीच, महाराज. पण पापाला हात नसतात. अडसर हातांनी निघतो, आठ हातांनी."

"वासाक मठाचं धान्य बंद करील."

"मी उपास करीन."

"तुझ्याबरोबर आम्हालाही करावा लागेल!"

"सवय होते, महाराज."

धान्य खरोखरच बंद झालं. तिरातुरने नाव पुरतं खरवडलं, त्या जागी चार ओळी कोऱ्या सोडल्या, आणि दर गुरुवारी दरवाजाशी जाऊन तो विचारू लागला, "त्या सकाळी अडसराला कोणाकोणाचे हात लागले? नावं सांगा, मी लिहायला आलोय." वासाकच्या माणसांनी त्याला धक्के मारून बाहेर काढलं. तो तटाबाहेरून विचारू लागला. दात पडले, शब्द नीट उमटेनात, तरी गुरुवार चुकला नाही. असा तो अकरा वर्षं विचारत राहिला, असं म्हणतात.

तो गेल्यावर पहिल्याच गुरुवारी शुशान आली. बरोबर तिचे दोन मुलगे आणि म्हातारा झालेला ग्रिगोर. तिने वासाकच्या वाड्याकडे तोंड केलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात आपलं नाव, बापाचं नाव आणि नवऱ्याचं नाव सांगितलं. मुलांनी सांगितलं, "आम्ही तोरोसचे." ग्रिगोरने आपलं सांगितलं. मग चौघांनी अडसर उचलला. पहारेकरी बघत राहिले, पण पुढे कोणी आला नाही.

आजही हे असंच होतं. दूरच्या शहरांत गेलेली माणसं त्या दिवसापुरती परत येतात, आणि तोरोसच्या घराण्यातला एक हात अडसराला लागतोच.

बखर मठात आहे. ते पान खरवडून इतकं पातळ झालंय की उजेड आरपार दिसतो. चार ओळी कोऱ्या आहेत. त्यांच्या खाली तिरातुरने एवढंच लिहून ठेवलंय: त्या सकाळी उत्तर दरवाजावर वासाकचे आठ पहारेकरी नेमलेले होते. दरवाजापाशी त्यांच्यातल्या एकाचंही प्रेत सापडलं नाही.