गंधसाळीचे सोनेरी कोठार

एका राज्यात चंडकेतू नावाचा राजा होता. त्या राज्याच्या डोंगरात राहणाऱ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या लोंबी लोंबी निवडून एक भात घडवला होता. त्याचे नाव गंधसाळ. तो शिजला की वास सात वेशी ओलांडी.

एके दिवशी दूत म्हणाला, "महाराज, आपलेच बियाणे राणी मृगावतीच्या देशी पोचले. तिकडे दाणा लांब, वास दुप्पट. लोक त्याला मृगावतीची साळ म्हणतात."

राजाने पुढचे ताट दूर सारले. त्याने कालदंड मांत्रिकाला बोलावले. "माझा एक दाणाही यापुढे वेशीबाहेर जाता कामा नये."

कालदंडाने कोठारावर मंत्र टाकला. राज्याचे सगळे बियाणे सोन्याचे झाले. राजा हर्षला. पण पेरणी आली, आणि सोने काही उगवेना. घरोघर चुली थंडावल्या.

तेव्हा कोठारावरची साळुंकी बोलली, "राजा, परक्या मातीत वाढलेल्या गंधसाळीच्या तीन मुठी तीन राज्यांतून मागून आण, म्हणजे मंत्र सुटेल. हिसकावलेल्या चालायच्या नाहीत, आणि खोटे बोललास तर त्याही सोन्याच्या होतील."

राजा निघाला. खाऱ्या किनाऱ्याच्या राजाने त्याच्याकडून दिवसभर चिखलात लावणी करून घेतली, मग मूठ दिली. तिथली साळ खाऱ्या पाण्यात तगे. कोरड्या माळाच्या राजाने शंभर घागरी पाणी वाहायला लावले, मग मूठ दिली. तिथली साळ पावसाच्या दोन सरींवर पिके. हे सारे माझ्याच दाण्याचे, असे पुटपुटत राजा मृगावतीच्या देशी निघाला.

मृगावतीने त्याला जेवू घातले. हाती बियाण्याची मूठ धरून ती म्हणाली, "राजन, भात कसा आहे, एवढेच सांगा."

"बरा आहे."

तिच्या मुठीतले बियाणे सोन्याचे झाले.

राजाने मान खाली घातली. "माझ्या भाताहून सरस आहे. आणि तेच मला सोसत नाही."

सोन्याची पुन्हा साळ झाली. राणी हळूच म्हणाली, "उद्या कुणाकडे याहून सरस पिकेल, ही धास्ती मलाही आहे. न्या. पण कोठार सर्वांना उघडे ठेवा. आणि या साळीच्या पिकातला वाटा तिला घडवणाऱ्या बायकांना द्या. मीही देईन."

"दिला शब्द."

तीन मुठी कोठारात पडल्या आणि मंत्र सुटला. शेते हिरवी झाली. गंधसाळ पिकवणाऱ्या देशोदेशींतून डोंगरातल्या बायकांना वाटा पोचू लागला.

पुढल्या पेरणीला परदेशीचे दूत कोठारापुढे रांगेने उभे राहिले. राजा स्वतः पायलीने बियाणे मापत होता. मृगावतीचा दूत पुढे आला, तेव्हा राजाचा हात क्षणभर अडखळला. मग त्याने पायली शिगोशीग भरली.