सांडलेला चहा

मृणालच्या जिवाला महिनाभर चैन नव्हतं. साडेतीन वर्षांच्या जुईला गल्लीतल्या मॉन्टेसरीतच ठेवावं, की बड्या शाळेच्या नर्सरीत घालावं? शेवटी ती जुईला घेऊन त्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंसमोर जाऊन बसली. हातातला कोरा फॉर्म चुरगळून गेला होता.

"एबीसीडीसुद्धा येत नाही? मग त्या मॉन्टेसरीत वर्षभर शिकली तरी काय?" बाईंनी तोऱ्यात हात उडवला आणि त्यांचाच चहा टेबलभर सांडला.

बाई शिपायासाठी बेल वाजवत सुटल्या. कोणी येईना. चहा फायलींकडे निघाला. जुई खुर्चीवरून उतरली, खिडकीतलं फडकं घेऊन आली आणि टाचा उंचावून टेबल पुसू लागली.

मृणालनं फॉर्म परत दिला.

"वर्षभरात ती हे शिकली, मॅडम. बेल वाजवायला शिकवायची आम्हाला घाई नाही."