भाची जन्मली, नोंद राहिली

झालं, झालं, बाळ झालं!
कुठे झालं? गोठ्याच्या भिंतीत, इवल्याशा बिळात.
कुणाला झालं? पिपाणी चिचुंद्रीला.
केवढं झालं? चिंचोक्याएवढं!

डोळे मिटलेले. नाक लांब. शेपूट दोऱ्यासारखी. मुलगी झाली, मुलगी!

बाळाचा बाबा ढोलू. तो तर गोल गोल नाचायलाच लागला.
बाळाची आत्या टिमकी. ती टाळ्या पिटायला लागली. चूं चूं! चूं चूं!

साळिंदराची साळूदाई बाळाला बघायला आली होती. तिने आपल्या अंगावरचा एक काटा काढला. काट्याने पानावर लिहिलं. करकर करकर!
"पिपाणीला मुलगी झाली."
मग म्हणाली, "टिमकी, ही चिठ्ठी घे. कासवकाकांकडे जा. ते गावच्या वहीत नोंद घेतील. नोंद झाली की बाळ आपल्या गावाचं!"

टिमकी आत्या निघाली. चिठ्ठी तोंडात. शेपूट वर.
तुरुतुरु तुरुतुरु!

वाटेत होती शेळी. शेळीने पाहिलं हिरवं हिरवं पान. मान वाकवली आणि...
कच कच कच! गट्टम!

"अगं, अगं! ती चिठ्ठी होती!" टिमकी ओरडली.
"हो का?" शेळी म्हणाली. "गोड होती!"

टिमकीचं तोंड एवढंसं झालं. पण आत्याच ती! बसून कशी राहील? पळाली तशीच.
तुरुतुरु तुरुतुरु!

चिंचेखाली कासवकाकांची कचेरी. कासवकाका पिशवी भरत होते.

"कासवकाका, कासवकाका, नोंद घ्या!
भाची माझी जन्मली, नोंद तिची राहिली!"

"अरे वा! बाळ झालं? छान, छान!" कासवकाका हसले. "पण दाईची चिठ्ठी कुठे आहे?"
"शेळीने खाल्ली."
"मग दुसरी आण. चिठ्ठी नाही, तर नोंद नाही. आणि लवकर ये हं. ऊन कललं की मी दार लावणार. बहिणीकडे निघालोय."
"परत कधी येणार?"
"चालत जाणार, चालत येणार. पुढच्या वर्षी येईन!"

बापरे! पुढच्या वर्षी! तोवर बाळ वहीबाहेर?
टिमकी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु!

"साळूदाई, साळूदाई, चिठ्ठी लिही!
कासवकाका नोंद घेईनात.
भाची माझी जन्मली, नोंद तिची राहिली!"

"लिहिते की! काटा तयार आहे," साळूदाई म्हणाली. "पण लिहू कशावर? होतं ते पान शेळीच्या पोटात गेलं. पळसाचं पान आण. मग चिठ्ठी लिहीन."

टिमकी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु!

"पळसा, पळसा, पान दे!
साळूदाई चिठ्ठी लिहीना,
कासवकाका नोंद घेईनात.
भाची माझी जन्मली, नोंद तिची राहिली!"

"अहाहा! बाळ झालं?" पळस सळसळला. सळ सळ सळ! "पण माझी पानं बघ कशी मलूल झालीत. काटा लागला की टरकन फाटतील. मला तहान लागलीय गं. ओढ्याचं पाणी आण. मग पान देईन."

टिमकी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु!

"ओढ्या, ओढ्या, पाणी सोड!
पळस पान देईना,
साळूदाई चिठ्ठी लिहीना,
कासवकाका नोंद घेईनात.
भाची माझी जन्मली, नोंद तिची राहिली!"

"मला काय, मी तर धावायलाच बसलोय!" ओढा म्हणाला. "पण हा बघ दगड. ढिम्म बसलाय माझ्या वाटेत. मी येऊ कसा? म्हशीला सांग, दगड ढकल. मग पाणी सोडीन."

टिमकीने दगडाला नाक लावून पाहिलं. हूं! हूंऽऽ!
दगड हलतोय कुठला!
टिमकी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु!

म्हैस चिखलात बसली होती. एवढी मोठी म्हैस! एवढीशी टिमकी! टिमकी तिच्या नाकाजवळ गेली आणि जोरात ओरडली,

"म्हशीबाई, म्हशीबाई, दगड ढकल!
ओढा पाणी सोडेना,
पळस पान देईना,
साळूदाई चिठ्ठी लिहीना,
कासवकाका नोंद घेईनात.
भाची माझी जन्मली, नोंद तिची राहिली!"

"हँऽऽ! बाळ झालं? आपल्या गोठ्यात? आणि मला कुणी सांगितलंच नाही!" म्हैस उठायला गेली. पुन्हा बसली. "आई गं! पाठीला गोचीड चावतात. सारखी खाज, सारखी खाज! बगळ्याला सांग, गोचीड टिप. मग दगड ढकलीन."

टिमकीचे पाय दुखत होते. ऊन कलायला लागलं होतं.
तरी टिमकी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु!

बगळा उभा होता बांधावर. एका पायावर. डोळे मिटून.

"बगळेभाऊ, बगळेभाऊ, गोचीड टिप!
म्हैस दगड ढकलेना,
ओढा पाणी सोडेना,
पळस पान देईना,
साळूदाई चिठ्ठी लिहीना,
कासवकाका नोंद घेईनात.
भाची माझी जन्मली, नोंद तिची राहिली!"

बगळ्याने एक डोळा उघडला.
"बाळ झालं म्हणतेस? खरंच?"
"खरंच!"
"मग मला रडणं कसं ऐकू आलं नाही? बाळ झालं की रडतं. टॅहँ टॅहँ करतं. मला बाळाचा आवाज ऐकव. इथे, बांधावर ऐकू आला पाहिजे. मग गोचीड टिपीन."
आणि बगळ्याने डोळा मिटला.

आता काय? एवढंसं बाळ. चिंचोक्याएवढं. त्याचा आवाज बांधावर कसा येणार?
टिमकी पळाली घराकडे. तुरुतुरु तुरुतुरु, तुरुतुरु तुरुतुरु!

बिळात बाळ झोपलं होतं. पिपाणीच्या कुशीत, मऊ मऊ गवतात. घुर्र... घुर्र...

"बाळा, बाळा, आवाज दे!
बगळा गोचीड टिपेना,
म्हैस दगड ढकलेना,
ओढा पाणी सोडेना,
पळस पान देईना,
साळूदाई चिठ्ठी लिहीना,
कासवकाका नोंद घेईनात.
भाची माझी जन्मली, नोंद तिची राहिली!"

बाळ काय म्हणालं?
घुर्र... घुर्र...

ढोलूने पायाला गुदगुल्या केल्या. घुर्र!
टिमकीने नाकावर फुंकर घातली. घुर्र!
टिमकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता गं काय करू? ऊन कललं. कासवकाका चालले."

तेव्हा पिपाणी हळूच हसली. म्हणाली, "वन्सं, रडताय काय? आत्या ना तुम्ही? बाळाला हाक मारायची, तर बाळाला नाव नको? बारसं पुढे थाटात करू. आधी तिच्या कानात नाव सांगा!"

अरेच्चा! खरंच की!

टिमकीने डोळे पुसले. ती बाळाजवळ गेली. अगदी जवळ. बाळाच्या इवल्याशा कानाला तोंड लावलं.
"कुर्र्र्र्र्र!"
आणि कानात सांगितलं नाव.
काय नाव? श्शू! ते फक्त बाळाने ऐकलं.

बाळाने नाक हलवलं.
बाळाने शेपूट हलवली.
बाळाने तोंड उघडलं आणि...

टॅहँऽऽऽऽऽऽ!

केवढा तो आवाज! गवत थरथरलं. ढोलू धपकन बसला. आवाज बिळातून गोठ्यात गेला, गोठ्यातून शेतात गेला, शेतातून बांधावर गेला.

बगळ्याने दोन्ही डोळे उघडले. दुसरा पायही खाली टेकला. "अरे! खरंच की बाळ झालं!"

मग काय!

बगळा उडाला, फडफड फडफड! गोचीड टिपले, टच टच टच!
म्हैस उठली, "हाऽऽ! काय बरं वाटलं!" दगड ढकलला, धडाड धूम!
ओढा सुटला, खळखळ खळखळ!
पळस पाणी प्यायला, गट गट गट! ताजं ताजं पान दिलं, टप्प!
साळूदाईने चिठ्ठी लिहिली, करकर करकर!
टिमकीने चिठ्ठी तोंडात धरली. पळाली. तुरुतुरु तुरुतुरु, तुरुतुरु तुरुतुरु!

आणि तिच्या मागून सगळेच निघाले. बाळाचं नाव ऐकायचं होतं ना! पिपाणी आली बाळाला घेऊन. ढोलू आला नाचत. साळूदाई आली खुळखुळ करत. म्हैस आली धप्प धप्प. म्हशीच्या पाठीवर बगळा.

कासवकाकांनी पिशवी खांद्याला लावली होती. दाराला हात घातला होता.

"कासवकाका, कासवकाका, थांबा थांबा! ही घ्या चिठ्ठी!"

कासवकाका थांबले. चष्मा लावला. चिठ्ठी वाचली. हळू... हळू... हळू...
"बरोबर आहे," ते म्हणाले. वही उघडली. "आईचं नाव?"
"पिपाणी!"
"बाबांचं नाव?"
"ढोलू!" ढोलू स्वतःच ओरडला.
"आणि बाळाचं?"

सगळ्यांनी कान टवकारले. म्हशीने शेपूट हलवायची थांबवली.
टिमकी आत्या दगडावर चढली. छाती फुगवली.

"लवंगी!"

"लवंगी?" साळूदाई म्हणाली.
"लवंगी!" म्हैस म्हणाली. "एवढीशी, पण झणझणीत!"
"आवाज ऐकला मी तिचा," बगळा म्हणाला. "लवंगीच ती!"

कासवकाकांनी लिहिलं. 'व'वर टिंब देऊन, वळणदार अक्षरात. ल-वं-गी. आणि वर शिक्का मारला.
ठप्प!

"नोंद झाली!"
"नोंद झाली! नोंद झाली!"

टिमकी नाचली, ढोलू नाचला. म्हैससुद्धा नाचली, तेव्हा चिंचेवरून चिंचा पडल्या. टपटप टपटप!

कासवकाका म्हणाले, "बहीण काय, माझीच आहे. उद्या निघेन. आज बाळाच्या नावाने जेवूनच जाईन!"

मग चिंचेखाली पंगत बसली. साळूदाईने पळसाची पानं मांडली. काकांना पान, म्हशीला पान, बगळ्याला पान, आई-बाबांना पान. टिमकी आत्याला सगळ्यांत मोठं पान!
आणि आत्याच्या शेजारी आणखी एक पान. अगदी छोटं. नखाएवढं.
ते कुणाचं?
लवंगीचं!

लवंगी मात्र जेवली नाही. ती आत्याच्या मांडीवर झोपली होती. घुर्र... घुर्र...

लवंगीचं नाव लागलं,
आमच्या गोष्टीचं पोट भरलं!